एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी गल्लीत रोजची विचारपूस कशी बसवावी

गल्लीत कोण एकटं राहतं याची यादी तालीम मंडळातली चार पोरं एका संध्याकाळी करतात. ती वहीत ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे सगळ्या पेठेला कळायची गरज नाही.

खरी अडचण पुढे आहे. दारात जाऊन "काही लागलं तर सांगा" म्हणालात, तर उत्तर येतं, "काय नको बाळा, माझं चाललंय." तिथंच बहुतेक मंडळांचा उपक्रम संपतो. मदत देऊ नका, काम द्या. "आजी, पलीकडच्या काकांना रोज सकाळी फोन करून त्यांची खबर घ्याल का?" याला सहसा नकार येत नाही. काकांनाही आजींचं तेच काम द्यायचं. दोघांचीही विचारपूस होते आणि कुणालाच ओशाळं वाटत नाही.

वेळ पक्की ठेवा, सकाळी आठ. फोन उचलला नाही, तर शेजारच्या ठरलेल्या माणसानं लगेच दार वाजवायचं. "झोपले असतील" म्हणून दुपारपर्यंत थांबायचं नाही. या माणसाला एक बदलीही हवा, कारण लग्नसराईत कोण ना कोण गावाला जातोच.

आता चावी. ती कुणाकडे ठेवायची हे आजीच ठरवतील, मंडळ नाही. पण आतून कडी घातली असेल तर बाहेरच्या चावीचा काय उपयोग? बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. दोन्ही बाजूंनी उघडणारं लॅच बसवा आणि रात्री कडी न घालण्याची सवय लावा. त्याला वेळ लागतो, भीती खरी असते, म्हणून आधी लॅच मजबूत घ्या. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नकोच. पडणं बहुधा तिथंच होतं, आणि दार फोडण्यात मोलाची मिनिटं जातात.

फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिका 108, ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, सायबर फसवणुकीसाठी 1930. "डिजिटल अरेस्ट", म्हणजे पोलीस असल्याचं सांगून फोनवरच अटकेची भीती घालणं, असं कायद्यात काहीच नाही, हे प्रत्येकाला समोर बसून सांगा. तसा फोन आला की कट करायचा. पैसे गेलेच, तर तासाभरातच 1930 ला कळवायचं.

कोल्हापुरातल्या नदीकाठच्या गल्ल्यांनी पावसाळ्याआधी आणखी एक ठरवावं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. तळमजल्यावरच्या ज्येष्ठांना 39 लाच हलवा. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. कोण कुणाला उचलणार, कुणाच्या घरी नेणार हे नावानिशी लिहा. पंधरा दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून जूनपासूनच दाराजवळ टांगून ठेवा.