व्हाइस सिटी नीट कशी खेळायची: आधी रस्ते, मग मिशन

परवा रात्री साडेअकराला कोलशेतवरून भाच्याचा फोन, "मामा, ते हेलिकॉप्टरचं मिशन होतच नाहीये, दहा-बारा वेळा झालं." पोरगा कॉलेजला आहे, एकोणीस वर्षांचा, आणि गेम २००२ चा, म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधीचा. त्याला फोनवर अर्धा तास समजावलं आणि मग वाटलं की हे एकदा सगळं लिहूनच काढावं, कारण जीटीए व्हाइस सिटी आजही लोक नव्याने सुरू करतात, दोन दिवस धावपळ करतात, कुठेतरी अडकतात आणि चीट (सगळं फुकटात देणारा गुप्त कोड) टाकून मोकळे होतात. चीट टाकला की रणगाडा मिळतो पण गेम संपतो, खरंच संपतो, कारण मग करायला काही उरतच नाही.

आधी थोडं गेमबद्दल. जीटीए थ्री २००१ ला आला आणि वर्षभरातच रॉकस्टार नॉर्थने, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या टीमने, हा पुढचा भाग काढला. पुढचा भाग असला तरी गोष्ट मागे जाते, १९८६ सालात, त्यामुळे आधीचा खेळला नसेल तरी काही अडत नाही. टॉमी व्हर्सेटी पंधरा वर्षं जेलमध्ये काढून बाहेर येतो, त्याचा बॉस सनी फोरेली त्याला व्हाइस सिटीत ड्रग्जच्या सौद्याला पाठवतो, तिथे हल्ला होतो, पैसेही जातात आणि मालही जातो. मग ते पैसे परत मिळवायचे, एवढंच कारण. आणि हो, हा गेम १८ वर्षांच्या वरच्यांसाठी आहे. घरात सातवी-आठवीतला पोरगा मागे लागला असेल तर नाही म्हणा, त्याला अजून वेळ आहे.

पायरी १ : सेटिंग आणि सेव्ह

जुना पीसीवाला व्हाइस सिटी नवीन विंडोजवर चालवत असाल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम लिमिटर (गेमचा वेग आवरणारं सेटिंग) चालू आहे का ते आधी बघा. तो बंद असेल तर गेम भन्नाट पळतो असं वाटतं पण गाड्या विचित्र वागायला लागतात, आणि आपण समजतो आपल्यालाच चालवता येत नाही. २०२१ ला आलेल्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये मॅपवर खूण केली की रस्ता दिसतो आणि मिशन फेल झालं तर तिथूनच परत सुरू करता येतं. जुन्यात यातलं काही नाही, म्हणून खाली जे लिहिलंय ते जुन्यावाल्यांना जास्त कामाचं.

सेव्ह फक्त घरात होतो, कॅसेटची खूण असते तिथे, आणि सेव्ह केला की गेममधले सहा तास पुढे जातात. सेव्ह ठेवायला एकूण आठ जागा, म्हणजे स्लॉट, आहेत. एकाच जागेवर वर्षभर सेव्ह करू नका, दोन जागा आलटून पालटून वापरा. हे मी अनुभवाने सांगतोय. कळव्याहून खाडीपूल ओलांडून सायकलने स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत जायचो, खिशात मोजून दोन तासांचे पैसे, आणि एक दिवस बघतो तर माझ्या सेव्हवर दुसऱ्या कोणीतरी नवीन गेम सुरू करून सेव्ह केलेला. गोष्टीत टॉमीच्या हाती बंगला येतो तिथपर्यंत पोचलेलो होतो. त्या दिवशी घरी जाताना पुलावर सायकल हातात धरून चालत गेलो, चालवायची इच्छाच होत नव्हती.

पायरी २ : पहिल्या दिवशी नुसते फिरा

ओशन बीचवरच्या हॉटेलपासून सुरुवात होते. वकील केन रोझेनबर्गची मिशन्स लगेच मिळतात पण घाई करू नका, एक गाडी घ्या आणि फिरा. शहर म्हणजे दोन मोठी बेटं आणि मध्ये छोटी छोटी, आणि सुरुवातीला वादळाचं कारण देऊन पश्चिमेकडे जाणारे पूल बंद ठेवलेत. आपल्याकडे कळव्याचा पूल जाम झाला की ठाण्याचं काय होतं ते आपल्याला माहितीये, इथेही सगळं पुलांवर आहे, पोलीस मागे असताना पूल कुठल्या गल्लीच्या टोकाला लागतो हे डोक्यात नसेल तर तुम्ही समुद्रात जाणार. आणि टॉमीला पोहता येत नाही! पाण्यात पडला की मेला, हॉस्पिटलच्या दारात उभा, सगळी हत्यारं गेलेली.

तर फिरताना तीन गोष्टी पाठ करा. स्प्रेची दुकानं, म्हणजे पे अँड स्प्रे, जिथे गाडी आत घातली की रंग बदलतो आणि पोलिसांचे स्टार (जितके जास्त तितके पोलीस जोरात मागे) जातात. हॉस्पिटलं. आणि गल्लीबोळात तरंगणारे ते पोलिसांचे छोटे बिल्ले, एक उचलला की एक स्टार कमी होतो. एक स्टार असेल तर थोडा वेळ लपून बसलं तरी जातो, दोन असतील तर कपडे बदलले तरी चालतं, पण तीन झाले की हेलिकॉप्टर डोक्यावर येतं आणि तिथून पुढे गंमत राहत नाही, चारला स्वॅट, पाचला एफबीआय, सहाला आर्मी.

माजिवड्याला सिग्नल लागायच्या आधीच कुठल्या लेनमध्ये घुसायचं ते ठाण्याच्या माणसाला विचार न करता कळतं ना, तेवढं ते बेट ओळखीचं झालं पाहिजे. गेममधला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, पूर्ण दिवस चोवीस मिनिटांत जातो. एक अख्खा दिवस आणि एक रात्र नुसतं फिरा, अर्धा तासही लागत नाही.

पायरी ३ : अँब्युलन्स

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची.

हॉस्पिटलच्या बाहेरून अँब्युलन्स घ्या, आत बसून कॅप्स लॉक दाबा (प्लेस्टेशनवर उजवी काडी आत दाबायची) आणि पेशंट आणायचं काम सुरू होतं. पहिल्या लेव्हलला एक पेशंट, दुसऱ्याला दोन, असं करत बाराव्याला बारा, म्हणजे सगळे मिळून ७८. बारा लेव्हल एका बैठकीत झाल्या पाहिजेत, मध्ये गाडीतून उतरलात किंवा ती उलटली की परत एकपासून. बक्षीस काय, तर टॉमी कितीही पळाला तरी दमत नाही, कायमचं. आता विचार करा, पुढची प्रत्येक मारामारी, प्रत्येक पाठलाग, प्रत्येक वेळी गाडी पेटली आणि लांब पळायचं आहे, तिथे हे कामाला येतं. पन्नास मिशन दमत दमत खेळायची आणि मग शेवटी हे करायचं याला काय अर्थ आहे?

कसं करायचं ते सांगतो. एका वेळी तीनच पेशंट बसतात, म्हणून रडारवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, आधी सगळे ठिपके बघा, लांबच्या तिघांची एक फेरी आधी करा आणि हॉस्पिटलजवळचे शेवटाला ठेवा, कारण शेवटी घड्याळ कमी आणि घाई जास्त असते. पेशंटच्या अगदी अंगावर गाडी नेऊ नका, तो स्वतः चालत येतो, आणि येताना तुमच्याच चाकाखाली येऊ शकतो. मी तर गाडी त्याच्या थोडी पुढे नेऊन पूर्ण थांबवतो आणि हात बटणावरून उचलतो. वळणावर हँडब्रेक मारू नका, अँब्युलन्स उंच आहे, फुटपाथच्या कडेला एक चाक चढलं तरी आडवी होते. समुद्राकाठचा रस्ता रुंद वाटतो पण तिथे गर्दी असते, त्याला समांतर आतला रस्ता जास्त बरा. गेम स्वतःच बजावतो की जपून चालवा, प्रत्येक धक्क्याला पेशंटची आशा कमी होते, ते खरं धरून चालवा. मी हे पश्चिमेचे पूल उघडायच्या आत उरकतो, आणि दहाव्या लेव्हलनंतर फोन सायलेंटवर टाकतो.

पिझ्झाचंही तसंच. वेल स्टॅक्ड पिझ्झाच्या बाहेर स्कूटर असते, एका वेळी सहा पिझ्झे, गिऱ्हाइकाच्या बाजूला बघून फेकायचे, दहा लेव्हल झाल्या की तब्येत १०० ची १५० होते. फायर ब्रिगेडच्या बारा लेव्हल केल्या तर आग लागत नाही, पोलीस गाडीच्या बारा केल्या तर आर्मर (गोळ्या झेलणारं चिलखत) १५० पर्यंत जातं, ही दोन सावकाश केली तरी चालतील. शहरात १०० लपवलेली पाकिटं आहेत, दर दहाला काहीतरी बक्षीस घरी येऊन पडतं, पहिल्या दहाला आर्मर. दहा तर सहज मिळतात, तेवढी घ्याच.

पायरी ४ : आता मिशन

केनची, मग कर्नल कॉर्टेझची, मग ड्रग्जवाल्या डियाझची. सरळ आहेत, प्रत्येक मिशनआधी आर्मर घ्या आणि सेव्ह करा. हरलात तर हॉस्पिटलबाहेर एक टॅक्सी उभी असते, ती मिशनच्या जागी परत नेते. फक्त टॉमीचा साथीदार लान्स याला सोडवायचं डेथ रो मिशन आलं की चांगली वेगवान गाडी आधी शोधून ठेवा, तिकडे त्याला मारहाण चालू असते आणि त्याची तब्येत उतरत जाते, रस्त्यात गाडी शोधत बसायला वेळ नसतो.

आणि आता ते हेलिकॉप्टर, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. बिल्डर एव्हरी कॅरिंग्टनला एक बांधकाम पाडायचंय. टॉप फनच्या व्हॅनमध्ये बसलात की खेळण्यातलं हेलिकॉप्टर तुमच्या हातात येतं, चार बॉम्ब एकेक करून उचलून बिल्डिंगच्या चार मजल्यांवर ठेवायचे, सात मिनिटांत. सगळे घाबरून लगेच पहिला बॉम्ब उचलतात. इथेच चूक होते. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं, त्याच्या आधी तुमच्याकडे हवा तेवढा वेळ आहे! तेव्हा रिकामं हेलिकॉप्टर घेऊन आत जा आणि मजल्यांवर जे कामगार आणि गार्ड तुमच्या मागे लागतात त्यांना पंख्याने संपवा, खालून वर, एकेक मजला. त्यात दोन कामं होतात, एक तर नंतर कोणी गोळी घालत नाही, आणि दुसरं म्हणजे जिने कुठे आहेत ते पाठ होतं. जिन्यातून वर जाताना भिंतीला पंखा घासत नाही ना एवढंच बघायचं, आधी जागेवर वळून तोंड सरळ करा मग पुढे झुकवा, दोन्ही एकदम केलं की ठोकर बसलीच.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी आणखी एक बघा, वर-खाली डाव्या हाताने होतं पण पुढे-मागे झुकवायची बटणं नंबरपॅडवर असतात आणि बऱ्याच लॅपटॉपला नंबरपॅडच नसतो. भाच्याचं तेच झालेलं, बिचारा हेलिकॉप्टर वर नेत होता, खाली आणत होता, आणि पुढे काही सरकत नव्हतं. कंट्रोल्समध्ये जाऊन ती बटणं ॲरोवर घ्या. मग सगळ्यात वरच्या मजल्याचा बॉम्ब आधी ठेवा, लांबचं काम डोकं शांत असताना. त्याला हे सांगितलं, त्याच रात्री पाऊण वाजता मेसेज आला, "मामा झालं, दोन मिनिटं उरली."

पायरी ५ : धंदे

डियाझचा निकाल लागला, त्याचा बंगला टॉमीचा झाला आणि पुढचं शेकडाउन मिशन संपलं की शहरातले धंदे विकत घेता येतात, आणि इथून गेम खरा सुरू होतो असं मला वाटतं. नुसता विकत घेऊन पैसे येत नाहीत, त्या धंद्याचं काम पूर्ण केलं की रोजची कमाई सुरू होते. आणि ती कमाई स्वतः जाऊन उचलावी लागते, एका मर्यादेला येऊन साचायची थांबते.

स्वस्तापासून सुरू करा. बोटयार्ड १०,००० डॉलरला आणि एकच रेस, रोजचे २,०००. आइस्क्रीमचा कारखाना २०,००० ला, गाडी घेऊन ५० गिऱ्हाइकं करायची, रोजचे ३,०००. कॉफमन कॅब्ज ४०,००० ला, तीन मिशन, रोजचे ५,०००. मग छापखाना ७०,००० ला, आणि हा सोडू नका कारण शेवटच्या मिशनचा रस्ता याच्यातूनच जातो, बाकीचेही बरेच धंदे पूर्ण लागतात. मालिबू क्लब १,२०,००० ला, रोजचे १०,०००, पण त्यातलं ड्रायव्हर नावाचं मिशन भल्याभल्यांना रडवतं. रेसमध्ये समोरच्याकडे सेबर टर्बो ही वेगवान गाडी, तुमच्याकडे साधी गाडी, वर पोलीस. तिथे त्याला ठोकायला जाऊ नका, पहिल्या दोन वळणांना मागे राहिलात तरी राहा, पोलीस त्यालाही अडवतात आणि तो कुठेतरी अडकतो, तेवढ्यात तुम्ही स्वच्छ चालवत निघून जायचं. मला हे नवव्या वेळेला जमलं होतं.

शेवटचं मिशन

सनी स्वतः बंगल्यावर येतो. त्याच्या आधी आर्मर पूर्ण, मोठी बंदूक, गोळ्या भरपूर, आणि वेगळ्या जागेवर एक सेव्ह. त्याची माणसं तिजोरीतले पैसे उचलायला येतात, तेव्हा खाली हॉलमध्ये उतरून लढू नका. वर जिन्याच्या कठड्यापाशी उभे राहा, तिथून दोन्ही बाजूंनी वर येणारे दिसतात, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून तिजोरीकडे बघा, एखादा तुमच्या नजरेतून सुटून आत गेलेला असतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, भाचा अजून तिथे पोचलेला नाहीये आणि तो हे वाचणार आहे.