नोड-रेड, फ्लायवे, अलेम्बिक: या चुका टाळा, निदान द्राक्षाच्या सीझनमध्ये तरी

परवा नाशिकला कॉलेज रोडला चहा पिताना एका पोराने विचारलं, "सर, नोड-रेड चांगलं की फ्लायवे?" म्हणलं, हे म्हणजे ट्रॅक्टर घेऊ की सातबारा काढू असं विचारल्यासारखं झालं. नोड-रेड डेटा इकडून तिकडे पळवतं, फ्लायवे डेटाबेसच्या टेबलांमधले बदल (त्यालाच मायग्रेशन म्हणतात) चालवतं आणि कधी काय बदललं याची नोंद ठेवतं. दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे कोड खुला आणि कोणालाही मोकळेपणाने वापरता येतो, दोघांच्या डेमोत पाच मिनिटात काहीतरी हिरवं होतं, म्हणून लोक एकाच एक्सेल शीटमध्ये दोघांना टाकतात आणि गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, मिळालेले स्टार मोजतात. मला विचाराल तर टूल नीट चालतं तेव्हा ते कसं दिसतं हे बघण्यात अर्थ नाही, फाटल्यावर ते ओरडतं की गप्प बसतं एवढंच बघा. खालच्या चुका मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून ते पिंपळगावच्या पॅकहाऊसपर्यंत सगळीकडे बघितल्यात, काही स्वतः केल्यात.

कॉलमचं नाव बदललं आणि ऑटोजनरेटवर भरवसा ठेवला

ही माझी लाडकी चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

फेब्रुवारीचा महिना, दिंडोरीच्या बाजूचं एक द्राक्षांचं पॅकहाऊस. वजनकाट्याची केबल रास्पबेरी पायला (हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय), त्यावर नोड-रेड, तिथून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकेका क्रेटचं वजन. रिपोर्टचा भाग पायथनमध्ये, एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) वापरून, त्यामुळे मायग्रेशनला अलेम्बिक, तिचंच जोडीदार टूल. माझ्याकडे तेव्हा एक नवीन पोरगा होता, हुशार पण घाई भयंकर. क्रेटचं स्वतःचं वजन वजा करायचं ठरलं होतं, म्हणून त्याने मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाच्या पायथनमधल्या वर्णनात, "वजन" या कॉलमचं नाव "निव्वळ_वजन" केलं, ऑटोजनरेट (मॉडेल आणि डेटाबेस ताडून मायग्रेशनची फाइल आपोआप लिहिणारी सोय) मारलं, आलेली फाइल मला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि मी गाडी चालवता चालवता "चालेल" लिहिलं. तो "चालेल" माझा, त्यामुळे पोराला फार बोलता आलं नाही.

तर कसंय, अलेम्बिकचं ऑटोजनरेट नाव बदललेलं ओळखत नाही. त्याला जुना कॉलम गायब दिसतो आणि एक नवीन कॉलम उगवलेला दिसतो, त्यामुळे ते एक ॲड कॉलम लिहितं आणि एक ड्रॉप कॉलम. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण डॉक्युमेंटेशन वाचायला वेळ कोणाला आहे. दुपारी बाराच्या सुमारास पोराने ते लाइव्हवर, म्हणजे खऱ्या चालू डेटाबेसवर, चालवलं. नवीन कॉलम नॉट नल (रिकामा चालत नाही असा) होता, त्याला डिफॉल्ट दिलेला नव्हता, आणि अशा वेळी मायएसक्यूएल एरर न देता जुन्या ओळींमध्ये गुपचूप शून्य भरतं. म्हणजे मायग्रेशन झालं ओके, टर्मिनलवर एक लाल अक्षर नाही, आणि सीझनच्या प्रत्येक क्रेटचं वजन शून्य.

मालकांचा फोन आला, "सर, द्राक्षाचे बेदाणे व्हायला पण पंधरा दिवस लागतात, तुमच्या कॉम्प्युटरने तर एका तासात वाफ केली."

आणि हे अर्धंच. नोड-रेडच्या फ्लोमध्ये (एकमेकांना जोडलेल्या नोड नावाच्या चौकटी) इन्सर्टची, म्हणजे नवीन ओळ टाकायची, क्वेरी एका फंक्शन नोडच्या आत तुकडे जोडून लिहिलेली होती, जुन्या नावाने. पोराने सगळ्या कोडमध्ये "वजन" शोधलं होतं बरं का, पण फ्लोची जेसन फाइल रिपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, नव्हतीच, ती पायवर पडलेली. त्यामुळे बारानंतरचा प्रत्येक इन्सर्ट "अननोन कॉलम" म्हणून पडत होता. एरर पकडणारा कॅच नोड लावलेला नाही, एरर लॉगमध्ये जातायत, एडिटरमधला डीबगचा साइडबार कोणी उघडलेला नाही. काट्यावर आकडा दिसतोय, बायका क्रेट ठेवतायत उचलतायत, सगळं मजेत. पडद्यावर नोडला नोड जोडलेला सुंदर दिसत होता.

वाचलो दोन गोष्टींमुळे. एक, रात्री दोनचा डंप, म्हणजे पूर्ण बॅकअप, होता आणि त्यात बिनलॉगची (प्रत्येक बदलाची मायएसक्यूएलने ठेवलेली नोंद) पोझिशन लिहिलेली होती. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतो, कोणा शहाण्याने डिस्क वाचवायला बंद केलेला नव्हता. तो डंप माझ्या लॅपटॉपवर वेगळ्या डेटाबेसमध्ये चढवला, बिनलॉग टेबल बदलणाऱ्या त्या ऑल्टर कमांडच्या आधीच्या पोझिशनपर्यंत चालवला, आयडी आणि वजन काढून घेतलं आणि लाइव्हवर अपडेट मारलं. लाइव्हवर थेट रिस्टोर केला नाही, हे महत्त्वाचं, घाबरलेला माणूस पहिलं तेच करतो. दुसरी गोष्ट म्हणजे तिथला मुकादम, ज्याचा कॉम्प्युटरवर कधीच विश्वास नव्हता आणि जो प्रत्येक क्रेट वहीत लिहीत होता. बारा ते दोनचे क्रेट त्याच्या वहीतून हाताने टाकले. त्या वहीला मी तेव्हापासून डिझास्टर रिकव्हरी म्हणतो.

आता माझी सवय काय. ऑटोजनरेट वापरतो, नाही असं नाही, पण आलेली फाइल उघडून आधी "ड्रॉप" शब्द शोधतो. नाव बदलायचंच असेल तर हाताने ऑल्टर कॉलम लिहितो आणि मायएसक्यूएल असेल तर जुना टाइपही सोबत द्यावा लागतो हे लक्षात ठेवतो. पण खरं म्हणजे चालू टेबलवर नाव बदलतच नाही. नवीन कॉलम वाढवतो, काही दिवस दोन्हीत लिहितो, जुना डेटा कॉपी करतो, आणि जुना कॉलम काढायचं काम एप्रिलच्या खरड छाटणीला, पॅकहाऊस बंद झाल्यावर. जँगोवाल्यांनी (जँगो म्हणजे पायथनचं वेब फ्रेमवर्क) हसू नका, तुमचं मेकमायग्रेशन्स विचारतं तरी की नाव बदललंय का, पण नो-इनपुट लावून चालवलंत तर तेही विचारत नाही, जुना कॉलम गेला आणि नवीन आला असंच धरतं.

फ्लो म्हणजे कोड नाही, असं समजणं

वरच्या गोष्टीतलं निम्मं नुकसान इथलं. नोड-रेड २०१३ मध्ये आयबीएममध्ये सुरू झालं, आज ओपनजेएस फाउंडेशनकडे आहे, लायसन्स अपाचे २.०, आणि त्यात प्रोजेक्ट्स नावाची सोय आहे जी गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) वापरते. सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते, एवढंच. कबूल, नोड जरा सरकवला तरी त्याचे एक्स-वाय बदलतात आणि डिफमध्ये, म्हणजे काय बदललं त्या यादीत, कचरा येतो. येऊ द्या. कमिट करायच्या (बदल गिटमध्ये नोंदवायच्या) आधी उगाच नोड सरळ रांगेत लावत बसू नका.

एसक्यूएल मात्र फ्लोमध्ये विखरून ठेवू नका. मायएसक्यूएलचा नोड क्वेरी घेतो ती मेसेजच्या टॉपिकमधून, म्हणून लोक फंक्शन नोडमध्ये जोडाजोड करतात. क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून व्हॅल्यू मेसेजच्या पेलोडमधून द्या, तशी सोय आहे. मी तर माझ्या सगळ्या क्वेऱ्या एकाच टॅबवर ठेवतो, बाकी टॅब तिथे लिंक करतात. आणि प्रत्येक टॅबवर एक कॅच नोड, तो थेट मोबाइलवर मेसेज पाठवतो.

जुनी मायग्रेशन फाइल उघडून दुरुस्त करणं

"एकच तर ओळ होती सर." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. फ्लायवे प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) आपल्या हिस्टरी टेबलमध्ये ठेवतं, फाइल बदलली की व्हॅलिडेट ही तपासणी अडवते. मग पोरं गूगल करतात, रिपेअर सापडतं, मारतात, हिरवं होतं. अरे पण रिपेअरने फक्त नोंद बदलली, डेटाबेस होता तिथेच आहे! आता टेस्टिंगचा डेटाबेस एक आणि लाइव्हचा दुसरा, आणि दोन्ही म्हणतात आम्ही व्हर्जन सातवर. लिक्विबेस हे असंच मायग्रेशनचं टूल, तेपण चेकसम ठेवतं. अलेम्बिक ठेवतच नाही, म्हणजे तिथे ओरडायलाही कोणी नाही. तुलना करायचीच असेल तर ही करा.

दुसरं, पोस्टग्रेस या डेटाबेसवर मायग्रेशन मध्येच पडलं तर बहुतेक वेळा सगळं मागे जातं, कारण तिथे टेबलातले बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही) होतात. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ऑल्टर आपोआप कमिट, म्हणजे पक्का, होतो. तीनपैकी दोन झाले आणि तिसरा पडला तर ते दोन तसेच राहतात, पुन्हा चालवलं की "डुप्लिकेट कॉलम". म्हणून मायएसक्यूएलवर मी एका फाइलमध्ये एकच ऑल्टर लिहितो. पोरं म्हणतात किती फाइली. असू दे.

बाकीच्या, पटापट

दोघांनी आपापल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) व्ही १२, म्हणजे बारा नंबरचं मायग्रेशन, बनवणं. फ्लायवे सरळ नकार देतं, अलेम्बिक दोन हेड, म्हणजे दोन शेवटची टोकं, झाल्याचं सांगतं. मी नंबरऐवजी तारीख-वेळ टाकतो.

फ्लायवेचं अनडू आहे असं धरून चालणं. ते फुकटच्या आवृत्तीत नाही, आणि असतं तरी ड्रॉप केलेला डेटा त्याने आणला नसता.

लाइट गेली, लिक्विबेस मध्येच मेलं, आता ते लॉक (दोघांनी एकदम चालवू नये म्हणून असलेलं) सुटायची वाट बघत बसतं. रिलीज-लॉक्स चालवा, पण दुसरं कोणी खरंच चालवत नाहीये ना ते आधी फोन करून विचारा.

एनएटएनला (n8n, नोड-रेडसारखंच टूल) ओपन सोर्स म्हणून क्लायंटला विकणं. सोर्स दिसतो, पण २०२२ पासून त्याचं सस्टेनेबल यूज लायसन्स आहे. स्वतःच्या धंद्यात वापरा, होस्ट करून दुसऱ्यांकडून त्याचे पैसे घेण्याआधी लायसन्स वाचा.

नोड-रेडचा १८८० पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडा टाकणं. एडिटरला मुळात पासवर्ड नसतो. अजून काय सांगू.

आणि क्रेडेन्शियल सीक्रेट, म्हणजे फ्लोमधले पासवर्ड ज्याने कुलूपबंद होतात ती किल्ली, स्वतः न ठरवणं. आपण नाही दिलं तर नोड-रेड स्वतःच एक बनवून पायवरच ठेवतं. पायचं कार्ड जळालं, आपण फ्लोच्या फाइली नवीन पायवर टाकल्या, फ्लो सगळे दिसतात, पासवर्ड एकही उघडत नाही. मी हे केलंय, रविवारी, मिसळ समोर थंड होत असताना.