नाक वळलं की सिग्नल तुटायचा
माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचं नाक माझ्याकडे वळलं की सर्वो (पात्यांचा कोन बदलणारी छोटी यंत्रं) अडखळायचे. शेपूट माझ्याकडे असताना सगळं ठीक. म्हणजे मध्ये काहीतरी आडवं येत होतं. कार्बन फायबरची फ्रेम! कार्बन वीजवाहक, तो रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अडवतो. मग दोन अँटेनांचा, फुल रेंजचा (लांबूनही सिग्नल पकडणारा) रिसीव्हर घेतला. अँटेनाच्या टोकाची उघडी तार जेमतेम ३१ मिलिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी. खरं काम तीच करते, तिला मुरड अजिबात चालत नाही. प्लास्टिकच्या नळ्यांत घालून एक उभी, एक आडवी अशा दोन्ही फ्रेमबाहेर काढल्या. रिसीव्हर मोटर आणि ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लांब बसवला. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, रेंज चेकवर (कमी ताकदीच्या चाचणी मोडवर) ठेवला, मित्राला मॉडेल हातात धरून सगळीकडे फिरवायला सांगितलं (मोटरच्या वायरी काढूनच!). सर्वो कुठल्याच कोनात अडखळले नाहीत.