नवजात बाळाची घरी तपासणी करताना: आधी पाहावे, मग हात लावावा

‘लेकरू मोठं शांत हाये, रडतच नाही,’ असे आजीने कौतुकाने सांगितले, की भेटीला गेलेल्या आशाताईने किंवा परिचारिकेने अधिक सावध व्हावे. पहिल्या महिन्यात गंभीर जंतुसंसर्ग झालेले बाळ बहुधा मोठ्याने रडत नाही; ते मलूल होते, कमी हालते आणि दूध ओढण्याचे सोडते. गडचिरोलीच्या 39 गावांत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून बाळांची घरी काळजी घेतली. त्या कामाचा 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो, की अशी लक्षणे ओळखायला मोठ्या यंत्रांची गरज नसते, योग्य क्रमाने पाहण्याची असते.

दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट द्यावी. घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही जावे. अंगठ्या-बांगड्या काढून हात साबणाने धुवावेत आणि हवेवरच वाळू द्यावेत, लुगड्याच्या पदराला पुसू नयेत.

बाळ झोपलेले असेल तर उठवू नये, कारण श्वास मोजण्याची हीच उत्तम वेळ असते. बाज दाराजवळच्या उजेडात घ्यावी, दुपटे पोटापर्यंत हळूच बाजूला करावे आणि घड्याळाच्या सेकंद काट्यावर पूर्ण एक मिनिट पोटाचे वर-खाली होणे मोजावे. नवजात बाळाचा श्वास मध्येच क्षणभर थांबतो आणि पुन्हा भराभर चालतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे येथे फसवे ठरते. आकडा 60 किंवा त्याहून अधिक आला तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तितकाच आला तर श्वास जलद आहे असे समजावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जात असेल किंवा बाळ कण्हत असेल, तर त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

यानंतर हात लावावा. पोट गरम आणि तळपाय थंड असतील तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. पोटही थंड असेल तर धोका मोठा. काखेत थर्मामीटर लावल्यावर 35.5 अंश सेल्सिअसपेक्षा कमी किंवा 37.5 व त्याहून अधिक तापमान आढळणे हे धोक्याचे लक्षण मानावे. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली गोधडीत गुंडाळलेले बाळ तापते हे खरे, तरी ‘उन्हाची बाधा’ म्हणून विषय संपवू नये. जादा कपडे काढून, अंगावर पाजून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे आणि ताप तसाच असल्यास रुग्णवाहिका बोलवावी. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याच्या प्रथेला मात्र ठाम नकार द्यावा, कारण त्या धुराने बाळाची छाती भरते. ऊब आईच्या उघड्या छातीला बिलगून, टोपडे घालून द्यावी. 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर ती औषधासारखी लागू पडते.

कावीळ बल्बच्या उजेडात दिसत नाही. दिवसा कपाळ बोटाने हलके दाबून सोडावे आणि खालच्या त्वचेचा रंग पाहावा. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर थांबू नये. नाळेवर तेल, हळद, राख काहीच लावू नये. भोवतालची त्वचा लाल झाली किंवा पू आला, तर ती दाखवायलाच हवी.

शेवटी आईला समोर पाजायला सांगावे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे पुरेसे असते. मध, गुटी किंवा उन्हाळ्यातसुद्धा पाणी देऊ नये. कालपर्यंत नीट पिणारे बाळ आज ओढत नसेल, तर इतर काही आढळले नाही तरी ते दवाखान्यातच न्यावे. पोट फुगले म्हणून चटके देण्याचा विचार घरात निघाला, तर आजीशी भांडू नये. श्वास तिच्याकडूनच मोजून घ्यावा, आकडा तिच्या तोंडून येऊ द्यावा आणि तोवर 102 किंवा 108 ला फोन लावावा. गाडीत बाळ आईच्या छातीशीच राहील असे पाहावे, पिऊ शकत असल्यास वाटेत पाजायला सांगावे, आणि निघण्यापूर्वी श्वास, तापमान व वेळ चिठ्ठीवर लिहून माता-बाल संरक्षण कार्डासोबत द्यावी.