टीव्हीची पाठ वाचायला शिका

दुकानात ओळीने लावलेल्या पंधरा टीव्हींवर पंधरा नावं असतात, पण आतली काच, म्हणजे पॅनल, बनवणारे मोठे कारखानदार मोजकेच आहेत. चीनमधले बीओई, सीएसओटी, एचकेसी आणि तैवानचे एयूओ, इनोलक्स. सॅमसंगने एलसीडी पॅनल बनवणं २०२२ मध्ये थांबवलं. सोनी टीव्हीचं पॅनल स्वतः बनवतच नाही, विकत घेते. म्हणून ‘कुठली कंपनी चांगली?’ हा प्रश्न नुसता विचारून हाती काही लागत नाही. काच कोणाची, सेट जोडला कोणी आणि बिघडला तर घरी येणार कोण, असे त्याचे तुकडे करावे लागतात. काचेचा पत्ता गिऱ्हाइकाला सहसा लागत नाही. एकाच मॉडेलमध्ये मागेपुढे दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनल येऊ शकतात. बाकीचं मात्र दहा मिनिटांत कळतं, तेही दुकानात उभ्या उभ्या.

आधी नावाचं बघू. कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट ही नावं परदेशी, पण भारतात या नावांचे टीव्ही नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स बनवून विकते. एसरच्या टीव्हीमागे बंगळूरची इंडकल आहे. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ पासून चीनच्या हायसेन्सकडे आहे. यात फसवणूक नाही, नाव भाड्याने घेण्याचा हा सरळ व्यवहार आहे. फक्त नावाची जुनी पुण्याई या सेटच्या खात्यात जमा करू नका. त्या नावाचा पंचवीस वर्षं चाललेला जुना डबा आणि आजचा सेट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलटंही घडतं. घरोघरी असलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१९ मध्ये टीव्हीत उतरलेल्या वनप्लसने काही वर्षांतच इथला टीव्हीचा धंदा आवरता घेतला. सेट चांगला असूनही सुटे भाग मिळायची पंचाईत होते ती अशी.

आता ‘मेड इन इंडिया’. जुलै २०२० मध्ये केंद्राने रंगीत टीव्हीच्या आयातीवर परवान्याची अट घातली. त्यानंतर बाजारातले बरेचसे सेट इथेच जोडले जातात. एलजीचा कारखाना आपल्याकडे शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे, सॅमसंगचा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला. डिक्सन तिरुपतीला दुसऱ्यांच्या नावाचे सेट बनवून देते, शाओमीचेसुद्धा. पण काच बाहेरूनच येते. तिला धंद्यात ओपन सेल म्हणतात. ही बॅकलाइट म्हणजे मागचे दिवे नसलेली, कडेला ड्रायव्हरच्या, म्हणजे चित्र चालवणाऱ्या चिपच्या, पट्ट्या चिकटवलेली पातळ काच. इथे तिच्यामागे दिव्यांच्या पट्ट्या, प्रकाश पसरवणारे पातळ पडदे, बोर्ड आणि कॅबिनेट बसतं. या जोडणीत धूळ शिरली किंवा पडदा नीट बसला नाही, तर तो डाग कायमचा. म्हणून कारखाना कुठला याला महत्त्व आहे.

तो शोधायचा असा. खोक्याच्या बाजूचं आणि सेटच्या पाठीवरचं लेबल, दोन्ही वाचा. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि आयात सेट असेल तर मूळ देश छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘मार्केटेड बाय’ पुढचं नाव विकणाऱ्याचं, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढचं बनवणाऱ्याचं. लोक पहिलंच वाचून थांबतात. मग बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, खुणेखाली ‘आर-’ आणि पुढे आठ आकडे दिसतील. फोनवर बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात सीआरएस या सक्तीच्या नोंदणी योजनेखालचा आर-नंबर तपासायची सोय आहे. आकडे टाकले की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कारखान्याचा पत्ता काय आणि कुठल्या ब्रँडसाठी, हे समोर येतं. ही नोंदणी ठरावीक कारखान्यालाच मिळते. त्यामुळे वेगळ्या नावाच्या दोन सेटवर एकच पत्ता निघाला, तर ते एकाच छपराखाली बनलेत असं समजा. मग जास्त पैसे कशाचे, हे दुकानदाराला खुशाल विचारा. एक खाचखळगा आहे: सेटला बाहेरचा अडॅप्टर असेल तर त्याचा आर-नंबर वेगळा असतो. तपासायचा तो सेटवरचा. नंबरच नसेल किंवा अ‍ॅपमध्ये लेबलवरच्या उत्पादकाऐवजी दुसरंच नाव आलं, तर तो टीव्ही घेऊ नका.

महिना-वर्ष बघायचं कारण दिवाळीची ऑफर. दोन वर्षं गोदामात पडलेलं मॉडेल चालतं ठीक, पण त्याचं सॉफ्टवेअर आधीच जुनं झालेलं असतं आणि पुढचे अपडेट लवकर बंद होतात. भाव पाडून मागा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ऑनलाइन विकायचा आणि दुकानातला सेट एका अक्षराने वेगळा असू शकतो आणि फरक एचडीएमआयच्या खाचांत, रॅममध्ये किंवा वॉरंटीत निघतो. कराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीलाही १८ टक्केच जीएसटी आहे. बिलावर २८ दिसला तर विचारा.

बिघडतं काय? एलईडी टीव्हीत (काच एलसीडीचीच, मागचे दिवे एलईडीचे) नेहमीचा बळी बॅकलाइटचा. मागच्या पट्ट्यांवरचे दिवे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एक गेला की पूर्ण माळ विझते किंवा संरक्षण म्हणून बोर्डच पुरवठा तोडतो. आवाज येतो, चित्र नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी खोलीत अंधार करा, सेट चालू ठेवून मोबाइलची टॉर्च काचेला अगदी टेकवून तिरकी धरा. आत पुसटशी माणसं हलताना दिसली तर काच आणि मेनबोर्ड ठणठणीत आहेत, दोष दिव्यांचा किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागाचा. ही दुरुस्ती होते आणि पॅनलच्या मानाने फार स्वस्तात होते. अशा वेळी ‘पॅनल गेलं’ असं कोणी सांगितलं तर दुसऱ्याला दाखवा. पट्टी बदलताना संपूर्ण संच बदलून घ्या. एकच बदलली तर बाकीच्या थकलेल्या पट्ट्या मागोमाग जातात. उघडताना काच वाकली तर तडकते, म्हणून ४३ इंचांच्या वर दोन माणसं हवीतच.

दिवे जातात उष्णतेने. नवा सेट बऱ्याचदा झगझगीत ‘व्हिव्हिड’ मोडवर येतो, बॅकलाइट १०० वर. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट ६० ते ७० वर आणा. घरात तेवढा उजेड पुरतो आणि दिवे जास्त टिकतात. नुसता ‘ब्राइटनेस’ कमी करून उपयोग नाही, बऱ्याच सेटमध्ये तो फक्त काळ्या रंगाची पातळी बदलतो. पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसू लागले तर दिव्यावरची प्लास्टिकची भिंग सुटून पडली आहेत. तेही दुरुस्त होतं.

उभी रेघ मात्र वाईट. काचेच्या कडेची ड्रायव्हरची पट्टी सुटल्याचं ते बहुधा लक्षण, आणि ती परत चिकटवायला बाँडिंगचं यंत्र लागतं. वॉरंटीत नसेल तर खर्च नव्या सेटशी ताडून बघा. सेट अजिबात चालू होत नसेल, लाल दिवाही नसेल, तर पॉवर सप्लाय बघायला सांगा. फुगलेला कॅपॅसिटर डोळ्यांनीही दिसतो. स्वस्त स्मार्ट टीव्ही रखडतो त्याला बऱ्याचदा आठ जीबीची भरलेली साठवण कारणीभूत असते. अ‍ॅप काढा, तरी नाही तर फॅक्टरी रीसेट.

खरेदीआधीचा शेवटचा फोन कंपनीच्या कस्टमर केअरला. आपला पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस घरी येतो का, कुठल्या गावाहून येतो, पॅनलची वॉरंटी सेटइतकीच आहे का. पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा माणूस देवगडला आठ दिवसांनी येत असेल, तर तिथल्या गिऱ्हाइकाने हिशेब वेगळा करावा.

सेट घरी आला की खोकं उघडण्यापासून व्हिडिओ काढा. भिंतीवर टांगण्याआधी चालू करून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक पडदा लावा आणि मेलेले पिक्सेल, कडेचा उजेड, धुळीचे ठिपके शोधा. सगळ्या एचडीएमआय आणि यूएसबी खाचा एकदा वापरून बघा. पाठीवरच्या लेबलचा फोटो आत्ताच काढा, टांगल्यावर ते दिसत नाही. बिलावरचा सिरियल नंबर त्याच्याशी जुळवा.

स्टॅबिलायझरची सक्ती करणाऱ्याला लेबलवरचा व्होल्टेजचा पल्ला दाखवा. तिथे १०० ते २४० छापलं असेल तर नेहमीचे चढउतार सेट स्वतःच झेलतो. विजेच्या लोळापुढे स्टॅबिलायझरही टिकत नाही. अर्थिंग नीट हवं, स्पाइक गार्ड हवा, आणि पावसाळ्यात गडगडायला लागलं की प्लगबरोबर डिशची केबलही काढायची. वरच्या छत्रीतून येणारा झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने थेट मेनबोर्डात शिरतो.