मोठा शाळकरी, धाकटं दीड वर्षाचं: या चुका टाळा

"तू मोठा आहेस ना, दे की त्याला!" भांडण बहुतेक वेळा इथंच पेटतं. दीड वर्षाच्या पोराला वाटून घेणं समजत नाही. ती समज तिसऱ्या वर्षाच्या पुढंमागं येऊ लागते. तोवर मोठ्याला समजावण्यापेक्षा सामान उचला. धाकट्याला भिंतीशी उभं करा, हात वर करू द्या, बोटं पोचतात त्याच्या वीतभर वर खूण करा. कंपास, स्केचपेन, ठोकळे त्या खुणेच्या वर. शेजारी खुर्ची सरकवून ठेवली असेल तर मात्र खूण फुकट.

दिवाळीत किल्ला तुडवला जातो तो जमिनीवर असतो म्हणून. तो कट्ट्यावर किंवा गच्चीत करू द्या, आणि धाकट्याला बाजूला मातीचा वेगळा गोळा अन् वाटीभर पाणी द्या. नुसतं "लांब हो" म्हणून ते लांब होत नाही.

सगळ्यात मोठी चूक खाण्यातली. मोठ्याच्या हातात भडंग असतं, धाकटं पंजा पुढं करतं आणि दादा प्रेमानं मूठभर देतो. त्यातला अख्खा शेंगदाणा श्वासनळीत जाऊ शकतो. पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे कूट करूनच द्या; द्राक्षं उभी चार भागांत कापा. हे नियम दादालाही सांगा, वाढणारा तोच असतो. अडकलंच आणि पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर मात्र पालथं, डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळानं 5 ठोसे द्या. नाही निघालं तर (वर्षाच्या वरच्या मुलाला) मागून धरून बेंबीच्या वर 5 वेळा आत-वर दाबा, आणि पुन्हा ठोसे. दुसऱ्यानं तोवर 108 ला फोन लावायचा. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

"पाच मिनिटं बघ रे याच्याकडं" म्हणून मोठ्याला न्हाणीघरात राखणीला ठेवू नका. बादलीतल्या वीतभर पाण्यातही बाळ बुडू शकतं. बादल्या वापरानंतर पालथ्या, दाराला वरून कडी. बंबाचं पाणी घेताना आधी थंड, मग गरम.

धाकटं चावलं तर हसायचं नाही, उलट चावून दाखवायचं तर मुळीच नाही. आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या, जखम साबणानं धुवा, मग धाकट्याला एकच वाक्य, "चावायचं नाही, दुखतं."

झोपेचा घोटाळा वेगळाच. मोठ्याचा अभ्यास शांततेत व्हावा म्हणून धाकट्याला पाचपर्यंत झोपू देतात, मग ते अकराला जागं आणि मोठ्याचीही झोप उडते. दुपारची झोप साडेतीनला संपवा आणि पाचला दोघांना कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर न्या. दुचाकीवर असाल तर चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट दोन्ही लागतं, वेग 40 च्या वर नको; पुढं टाकीवर उभं करणं तर नकोच.