गाय माजावर येत नाही म्हणून इंजेक्शन मारताय? आधी या चुका टाळा

माण, खटाव, आटपाडी, जत, कुठंही जावा, खिल्लार गायी पाळणाऱ्यांची तक्रार एकच. "वासरू पार मोठं झालं तरी गाय माज दाखवत नाही, कुठलं इंजेक्शन द्यावं?" मी उलटं विचारतो, वासरू बांधता कुठं? तर म्हणतात, बांधायचं कशाला, असतंय की मोकळं आईजवळ.

इथंच घोळ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीला परवानगी दिल्यापासून तर जास्तच, खोंड तगडा पायजे म्हणून दिवसभर कासेला सोडलेला. लोकांना वाटतं दूध जातंय म्हणून माज लांबतो, पण नुसतं दुधाचं नाही ते. परदेशात बीफच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या गायींची धार कोण काढत नाही, वासरूच दिवसभर लुचतं, म्हणजे खिल्लारसारखंच, आणि त्यांच्यावर यावर बराच अभ्यास झालाय. ऑपरेशन करून कास काढलेल्या गायीजवळ तिचं वासरू ठेवलं तरी माज लांबला, दूधच नसताना! उलट परकं वासरू बळंच पाजलं तर तेवढा लांबला नाही. गाय वासानं नाहीतर नजरेनं आपलं वासरू ओळखते, ते सारखं अंगाला लागलं की मेंदू बीज सुटायला लागणारं एलएच हार्मोन दाबून धरतो, मग बीजांडकोशावर फॉलिकल (बीज असलेले फोड) वाढतात पण फुटत नाहीत. वासरू दगावलेली गाय लवकर माजावर येते, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊकच आहे.

म्हणून वासरू तोडायचं, म्हणजे आईपासून लांब बांधायचं. आता दुसरी चूक, म्हणजे हे अर्धवट तोडणं. आटपाडीकडच्या एका पाव्हण्याची गाय, अंगानं चांगली, जार वेळेत पडलेली, डॉक्टरांनी हात घालून तपासलं तर गर्भपिशवी साफ. इंजेक्शनं झाली, कुणी सांगितलेला पाला झाला, माज नाहीच. मी म्हटलं वासरू तोडा, दोन वेळच पाजा. काही दिवसांनी फोन, काय फरक नाय. जाऊन बघतो तर वासरू शेजारच्याच दावणीला, दावं एवढं लांब की गाय मान वळवून त्याला चाटतीय आणि ते खालून सडाला लागलंय, आणि पाव्हणा म्हणतोय "बांधलंय की!" मग घराच्या पल्याड शेळ्यांच्या शेडात नेलं. गायीनं हंबरून गल्ली डोक्यावर घेतली, पाव्हण्याची आई माझ्यावर भडकली, "लेकराला आईपासनं तोडतोस व्हय रं?" म्हटलं मावशी, सकाळ-संध्याकाळ आणतोय की पाजायला. त्याच महिन्यात सोट (माजावर आल्यावर लोंबणारा चिकट स्राव) दिसला.

माझी पद्धत सांगतो. व्यायल्यावर पहिला महिना वासराला हात लावत नाही, चीक तर पोटभर मिळालाच पायजे. नंतर दोन्ही धारांना वासरू सोडायचं, पान्हा फुटला की दोन सड आपल्याला, दोन त्याला, आणि झालं की परत नजरेआड. तिथं पाणी, कोवळी वैरण, थोडा खुराक ठेवायचा. कालपासून बांधलं, आज माज का नाही, असं विचारणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

बरगड्या मोजता येणाऱ्या गायीचं वासरू तोडून काय उपयोग नाही, आधी पेंड घाला. खरं तर गाभण असतानाच घालायची, व्यायल्यावर अंग भरून येणं अवघड. पहिलारू (पहिल्यांदा व्यायलेल्या) गायीला वेळ जास्त लागतो, ती स्वतः अजून वाढत असते. गाय अंगावरून घाण टाकत असेल तर डॉक्टर, मग बाकी सगळं.

घाई मात्र पार सोडूनही चालत नाही. गाय साधारण २८० ते २८५ दिवस गाभण राहते, म्हणजे वर्षाला एक वासरू हवं तर व्यायल्यापासून ८० दिवसांच्या आसपास ती भरलेली, म्हणजे परत गाभण राहिलेली असायला पायजे.

आणि व्यायल्यानंतरचा पहिला माज बऱ्याचदा मुका जातो, ना हंबरणं ना काही. पुढचा कधीकधी ८-१० दिवसांतच येतो, त्याला बिघाड समजून परत सुई टोचू नका. सोट दिसला की भिंतीवर तारीख लिहा, तिथून २१ दिवस मोजा आणि त्या आठवड्यात पहाटे एकदा, रात्री झोपायच्या आधी एकदा गोठ्यात चक्कर मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.